मिठाच्या पुडीवर तारीख: नुकतंच बीपी निघालेल्यांसाठी

'बीपी निघालं' असं आपण म्हणतो. जणू ते माळ्यावर कुठेतरी मागे पडलं होतं आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडलं. माझं अगदी तसंच निघालं. दाढ काढायला गेले होते. डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "दाढ थांबेल, तुम्ही आधी फिजिशियनना भेटून या." १६८/१०२. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. आदल्याच दिवशी पाच किलो गहू घेऊन तीन जिने चढले होते.

त्याला आता सहा वर्षं झाली. गोळी कुठली आणि किती, हे डॉक्टरच ठरवतात. त्यात मी नाक खुपसणार नाही, तुम्हीही खुपसू नका. पण दवाखान्यात आपण महिन्यातून दहा मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ स्वयंपाकघर, लोकल, ऑफिस आणि सासरमाहेरचे कार्यक्रम यांत जातो, आणि बीपी सांभाळायचं असतं ते तिथे. पहिल्या तीन महिन्यांत काय करावं हे मला कुणी क्रमाने सांगितलं असतं तर बऱ्याच चुका टळल्या असत्या. तो क्रम इथे देते.

आधी आकडा समजून घ्या

वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब. खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल असतं तेव्हाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर आपल्याकडचे डॉक्टर साधारणपणे उच्च रक्तदाब म्हणतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीसाठी ही रेषा थोडी खाली, १३५/८५ वर धरतात. दोन्हीपैकी एकच आकडा वर असला तरी ते उच्च रक्तदाबच धरायचं. "खालचा नॉर्मल आहे ना, मग झालं" हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. साठीनंतर तर बहुतेकांचा वरचाच आकडा चढलेला असतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

एका मोजणीवर घाबरू नका आणि एका मोजणीवर खूशही होऊ नका. काहींचं बीपी डॉक्टरांना बघूनच चढतं. काहींचं उलट, दवाखान्यात शहाण्यासारखं वागतं आणि घरी वर जातं. हे कळायला घरी मोजण्यावाचून इलाज नाही.

आणि त्रासावरून अंदाज बांधणं सोडून द्या. बीपी वाढलं की डोकं दुखतं, मान आखडते, राग येतो असं आपण समजतो. खरं तर बहुतेकांना काहीच होत नाही, आणि आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं झिजत राहतात.

मशीन घेताना शिवणकामाची टेप जवळ ठेवा

दंडावर बांधायचं आपोआप चालणारं मशीन घ्या. मनगटाचं दिसायला सुटसुटीत असतं, पण हात जरा खाली-वर झाला की आकडा बदलतो. मशीनइतकाच महत्त्वाचा त्याचा पट्टा, आणि इथेच मी फसले. माझा दंड चांगला भरलेला, आणि मशीनबरोबर आलेला पट्टा लहान. ओढूनताणून वेल्क्रो लावायचे आणि दरवेळी आकडा जास्त. पट्टा लहान पडला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि फार मोठा असला की कमी. महिनाभर मी उगाचच काळजी करत बसले होते. तेव्हा खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने दंडाचा घेर मोजा, आणि पट्ट्यावर किती ते किती सेंटीमीटर लिहिलंय ते बघूनच घ्या. ३२ च्या वर घेर असेल तर बहुधा मोठा पट्टा लागेल.

आता मोजायचं कसं. आमच्या घरचं दृश्य असं होतं: सासूबाई दिवाणावर मांडी घालून, हात मांडीवर, समोर मालिका, आणि मी पट्टा फुगवताना त्या मला विचारणार, "दूध आलं का गं?" अशा वेळी आलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

खुर्चीत बसा, पाठ टेकवा. दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही गुंडाळून तिचा फास होत असेल तर हात बाहीतून काढून घ्या. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी किंवा दोन जाड वह्या. हात लोंबता राहिला तर आकडा वर जातो. आधी लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असलं तरी बीपी वाढतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, जिने चढणं नको. मग पाच मिनिटं गप्प बसा. खरोखर गप्प, मोबाईलही नको. मोजताना बोलायचं नाही आणि कुणाचं ऐकून हुंकारही द्यायचा नाही.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळी जेवणाच्या आधी. डॉक्टरांकडे जायच्या आधी असे सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या (पहिल्या दिवशी आपण मशीनलाच घाबरलेले असतो) आणि उरलेल्यांची सरासरी काढा. अगदी सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर मोजून बघा. ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम वापरायचा.

आणि मग थांबा. दिवसातून पंधरा वेळा मोजणारे एक काका आमच्या सोसायटीत आहेत. आकडा वाढला की घाबरतात, घाबरले की परत मोजतात, आणि तो आणखी वाढतो. एकदा बीपी आटोक्यात आलं की दोन भेटींच्या मधे अधूनमधून मोजलं तरी पुरतं.

गोळी: माझी सगळ्यात मोठी चूक

गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत माझं बीपी १२६/८० आलं. मी आनंदात गोळी बंद केली. आजार बरा झाला, मग औषध कशाला? कुणाला विचारलं नाही. त्रास काहीच नव्हता, त्यामुळे आपलं बरोबर आहे अशी खात्रीच पटत गेली. सात महिन्यांनी भाचीच्या लग्नात, धावपळीत, हॉलच्या पायऱ्यांवर धाप लागली. तिथे एक पाहुणे डॉक्टर होते, त्यांनी मोजलं: १७८/१०४. तो १२६ गोळीमुळेच आला होता, ही गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली. चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसतं म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही, तसंच हे. वजन बरंच उतरलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर स्वतः डोस कमी करतात, कधी कधी गोळी थांबवतातही. पण ते त्यांनी करायचं.

विसरू नये म्हणून युक्त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. मी स्ट्रिपच्या पाठीवर पेनाने सोम, मंगळ, बुध लिहिते. त्यामुळे "आज घेतली की नाही?" हा प्रश्नच उरत नाही. गोळी ठेवायची ती चहाच्या डब्याशेजारी, कारण चहा मी विसरत नाही. सकाळी घ्यावी की रात्री यावरून लोक वाद घालतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' अभ्यासात दोन्ही वेळांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा डॉक्टरांनी ठरावीक वेळ सांगितली नसेल, तर जी वेळ चुकणार नाही ती निवडा. एखाद्या दिवशी राहिली तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत.

काही त्रास मात्र सांगायचे असतात, सोसायचे नसतात. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटला की समजावं. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटाने काहींना कोरडा खोकला लागतो, आणि माणूस तीन महिने घसा खवखवतोय म्हणून हळद-दूध पीत राहतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम खाली येऊ शकतं. यातल्या प्रत्येकाला पर्याय आहे. गोळी परस्पर बंद न करता फोन करा. मूल व्हावं असा विचार करत असलेल्या बायकांनी तर पहिल्याच भेटीत तसं सांगावं, कारण टेल्मिसार्टन आणि रामिप्रिलच्या गटातली औषधं गरोदरपणात चालत नाहीत. जुलाब-उलट्या लागल्या असतील तेव्हाही गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता घरातल्या इतर डब्यांकडे वळा. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात. ॲसिडिटीवर पाण्यात टाकून फसफसणाऱ्या पुड्यांमध्ये सोडियम भरपूर असतं. आणि आपला लाडका ज्येष्ठमध! घशासाठी कांडी चघळत राहायची सवय असेल तर सोडा. तो शरीरात मीठ धरून ठेवतो, पोटॅशियम बाहेर घालवतो आणि बीपी चढवतो. 'आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा.

उपासाचं काय? चतुर्थी असो की एकादशी, गोळी पाण्याबरोबर घ्यायची. आमच्या सासूबाईंनी निकाल दिलाय की औषधाने उपास मोडत नाही, आणि या विषयात त्यांच्यावर अपील नाही. निर्जळी उपास करत असाल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

खर्चाची अडचण असेल तर गोळी अर्धी करून पुरवू नका. जन औषधी केंद्रांत याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी तपासणी होते आणि गोळ्याही मोफत मिळतात. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. साधी ठरलेली औषधं, महिन्याभराची एकदम, आणि कोण आलं नाही याची नोंद, एवढ्यावर तो चालतो. गावाकडे आई-वडील असतील तर आशाताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

मीठ: इथे मात्र हिशेब ठेवा

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, आणि यात सगळंच आलं. पण चमचा कुणी मोजतं का? आपण चिमटीने घालतो, तळहाताच्या खोलग्यात घेऊन अंदाजाने घालतो. आहारतज्ज्ञांनी "मीठ कमी करा" सांगितलं, मी "हो" म्हणाले, आणि घरी येऊन तेच केलं जे वीस वर्षं करत होते.

मग मी एक उद्योग केला. एक किलोची मिठाची नवी पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहिली. घरात आम्ही चौघं. माणशी ५ ग्रॅम धरलं तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पुडी ५० दिवस पुरायला हवी. ती २३ व्या दिवशी संपली. भागाकार केला: माणशी जवळजवळ ११ ग्रॅम. यात थोडं भाज्या धुण्यात, थोडं पाहुण्यांत गेलं असेल, कबूल. पण फरसाण, पाव, बाहेरचा वडा आणि माहेरहून आलेलं लोणचं या हिशेबात आलेलंच नव्हतं. नवऱ्याला पुडी दाखवली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

पहिल्यांदा हे करून बघा. तारीख लिहा, काही बदलू नका, किती दिवसांत संपते ते बघा. मग एकेक गोष्ट कमी करा.

आपल्याकडे पान वाढताना पहिला मान मिठाचा. मी तो काढून घेतला. टेबलावरची मीठदाणी आत गेली, पानातलं मीठ बंद झालं. ज्याला वरून घ्यायचंय त्याने उठून आत जाऊन आणावं. उठायचा कंटाळा फार कामाचा असतो. नंतर कणकेतलं मीठ बंद केलं, आणि गंमत म्हणजे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पोळी भाजीबरोबरच खाल्ली जाते. ताकातलं मीठ गेलं, त्याजागी भाजलेल्या जिऱ्याची पूड आली. यावर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

आमटी-भाजीतलं मीठ एकदम अर्ध्यावर आणू नका, बंड होतं. आठवड्याला थोडं थोडं उतरवा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि मग बाहेरची मिसळ खारट लागायला लागते. तोवर आंबट आणि वासाचं काही तरी घाला: आमसूल, लिंबू, लसणीची फोडणी, शेवटी मूठभर कोथिंबीर, ओलं खोबरं. दुधीच्या भाजीला तीळकुटाने जी चव येते ती जादा मिठाने येत नाही. फक्त आपल्यापुरती वेगळी अळणी भाजी करू नका. ती चार दिवस टिकते. घरातल्या सगळ्यांना तीच भाजी, तेच मीठ. मुलांच्या जिभेलाही लहानपणीच सवय लागते.

लपलेलं मीठ वेगळंच. पापडात मीठ तर असतंच, वर पापडखार, तोही सोडियमचाच. लोणचं, सांडगे, खारवलेल्या मिरच्या, सुकट, खारे बोंबील यांचं नावच सांगतं. पण पाव, बिस्किटं, तयार नूडल्स, टोमॅटो सॉस, ढोकळ्यातला खायचा सोडा हे लक्षात येत नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ, एवढं पाठ ठेवा. आणि तो आकडा बहुतेक वेळा १०० ग्रॅमसाठी असतो, अख्ख्या पाकिटासाठी नाही.

सैंधव, पादेलोण, महागाचं गुलाबी मीठ: रंग वेगळे, पण मुख्यतः सगळं सोडियम क्लोराईडच. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव सढळ हाताने घातलं तरी ते मीठच. कमी सोडियमचं मीठ मात्र खरोखर वेगळं असतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईड असतं. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षं झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आमची पुडी आता ३८ दिवस जाते. म्हणजे माणशी साडेसहा ग्रॅम. ५० अजून लांब आहे, गणपती आणि दिवाळीत तर ती मागेच येते.

चालणं, वजन, झोप

यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. भरभर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असं. सलग वेळ मिळत नसेल तर स्टेशनला रिक्षा न करता चालत जा, तेही धरलं जातं. वजन जास्त असेल तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने खाली येतो, म्हणजे पाच किलोसुद्धा वाया जात नाहीत. दारू जितकी कमी तितकं बरं. सिगारेट, तंबाखू, मशेरी बंद. मशेरीला बायका व्यसन धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक गोष्ट मात्र कमी लोक सांगतात. रात्री जोरजोरात घोरणं, मधेच श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा पेंगणं असं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास थांबण्याचा हा विकार असेल, तर गोळ्या वाढवूनही बीपी हट्टाने वर राहतं. हे आपल्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं.

आकडा एकदम वर गेला तर

१८०/१२० च्या वर दिसलं, पण बाकी काही होत नसेल, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तितकंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक अंधारी येणं यांपैकी काही असेल तर परत मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. शेजाऱ्यांच्या डब्यातली गोळी जिभेखाली ठेवू नका. बीपी धाडकन खाली आलं तर मेंदूला रक्त कमी पडून उलट नुकसान होतं.

पुढच्या भेटीला काय न्यायचं

सात दिवसांच्या आकड्यांची वही. पहिल्या वेळी मशीनसुद्धा, म्हणजे त्यांच्या मशीनशी पडताळून बघता येतं, आणि पुढे वर्षातून एकदा. घरातली सगळी औषधं एका पिशवीत, वैद्यांची चूर्णं आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या सुट्या गोळ्यांसकट. क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी यांपैकी काय कधी करायचं ते विचारा. माझं बीपी किती असावं असं तुम्हाला वाटतं, हेही विचारा. हा आकडा वय आणि इतर आजार बघून ठरतो, तेव्हा शेजारणीचा तुम्हाला चालणार नाही. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. माझ्या वहीत तिथे १३०/८० लिहिलंय, आणि खाली सासूबाईंच्या अक्षरात, "ताकात थोडं मीठ चालतं का विचारणे."